खासरा पाहणी आणि मूट कोर्ट

विधी महाविद्यालयाच्या यशाची बातमी आता न वाचताही सांगता येते. नांदेडच्या ‘प्रजावाणी’त किंवा लातूरच्या ‘एकमत’मध्ये आतल्या पानावर फोटो असतो. मधोमध प्राचार्य, शेजारी संस्थेचे सचिव आणि दोन्ही बाजूंना काळा कोट, पांढरे बँड घातलेली दोन-तीन मुलं हातात मानचिन्ह धरून उभी. खाली मजकूर येतो: राज्यस्तरीय अभिरूप न्यायालय स्पर्धेत दुसरा क्रमांक, माजी विद्यार्थिनीची दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून निवड, २६ नोव्हेंबरला संविधान दिनानिमित्त उद्देशिकेचं सामूहिक वाचन, दत्तक गावात कायदेविषयक शिबिर आणि पथनाट्य. शेवटी ‘सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे’ हे वाक्य, ज्याच्याशिवाय मराठवाड्यात कोणतंही यश पूर्ण होत नाही.

या बातम्यांची टिंगल करण्यात मला रस नाही. ज्या घरात आजवर कोर्टाची पायरी फक्त आरोपी किंवा वादी म्हणून चढली गेली, त्या घरातली मुलगी वकिलाच्या बाजूला उभी राहते तेव्हा ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लागलंच पाहिजे. खटकतं ते निराळंच. ही यादी पुण्याच्या, दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या कॉलेजचीही असू शकली असती. गावाचं नाव खोडलं तर ती कुठली हे ओळखू येत नाही. नांदेडच्या शारदा भवन शिक्षण संस्थेचं नारायणराव चव्हाण विधी महाविद्यालय किंवा लातूरच्या दयानंद शिक्षण संस्थेचं विधी महाविद्यालय या मातीत उभं राहिलं, त्यानं या मातीत काय बदललं, याचा हिशेब त्या यादीत सापडत नाही. आणि हिशेब करायचा तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

मराठवाड्यात कायदा शिकणं म्हणजे फार काळ घर सोडणं होतं. आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात पुरजळ नावाचं गाव आहे. तिथं १८६७ साली जन्मलेले केशवराव कोरटकर वकील झाले, गुलबर्ग्याला आणि पुढे हैदराबादेत नावारूपाला आले आणि निजामाच्या हायकोर्टात न्यायमूर्ती म्हणून बसले. त्यांचं चरित्र लिहिलं ते नरेंद्र चपळगावकरांनी, म्हणजे बीडचा वकील, मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती आणि २०२३च्या वर्धा साहित्य संमेलनाचा अध्यक्ष अशा तीन भूमिका एकाच अंगावर सहज वागवणाऱ्या माणसानं. एका न्यायाधीशानं दुसऱ्या न्यायाधीशाचं चरित्र मराठीत लिहावं, आणि दोघंही मराठवाड्याचे असावेत, हे आपल्याकडं फार घडत नाही. कोरटकरांच्या कहाणीचा पुढचा भाग मला जास्त ओढतो. १९४८मध्ये रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ हैदराबाद संस्थानातल्या वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. त्यात अग्रभागी होते बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार, म्हणजे याच केशवरावांचे चिरंजीव. बाप ज्या न्यायव्यवस्थेत न्यायमूर्ती म्हणून बसला, त्याच व्यवस्थेच्या दारातून मुलगा कोट काढून बाहेर पडला. कायदा शिकलेल्या माणसाला कोर्टाबाहेर कधी पडायचं हेही कळावं लागतं, आणि ते कुठल्या पेपरात विचारत नाहीत.

तेव्हाचा रस्ता ठरलेला होता: नांदेड, निजामाबाद, सिकंदराबाद. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं आणि तिथं कायदासुद्धा उर्दूतून शिकवला जाई. घरी मराठी, कोर्टात उर्दू, वरच्या निवाड्यांत इंग्रजी, आणि शेजारच्या बाकावर तेलुगू किंवा कन्नड बोलणारा मित्र. त्या पिढीच्या वकिलांना चार भाषांतून एकच हकीकत सांगता यायची, कारण त्याशिवाय धंदा चालत नव्हता. भोकरचे दिगंबरराव बिंदू याच पिढीतले. वकील, स्टेट काँग्रेसचे नेते आणि १९५२नंतरच्या हैदराबाद राज्यात गृहमंत्री. शंकरराव चव्हाणांनी एलएल.बी. केलं ते उस्मानियातूनच, आणि मुक्तिसंग्रामात ते सरहद्दीपलीकडच्या उमरखेडच्या कॅम्पात गेले. १९३८च्या ‘वंदे मातरम्’ आंदोलनात उस्मानियातून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठानं आसरा दिला. त्यांच्यातल्या करीमनगरकडच्या एका मुलानं पुढे नागपुरातच कायद्याची पदवी घेतली. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांचं नाव. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे तेच.

आता १९९१ ते १९९६ हा काळ आठवा. पंतप्रधान नरसिंह राव, केंद्रीय गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण, लोकसभेचे अध्यक्ष लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे शिवराज पाटील. तिघंही जुन्या निजाम संस्थानात जन्मलेले, तिघंही कायद्याचे पदवीधर. या योगायोगाकडं आपण मराठवाडेकरांनी पुरेसं पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर फक्त अभिमानानं. पण त्या पाच वर्षांत देशासमोर आलेले प्रश्न मुळात कायद्याचे होते, आणि ६ डिसेंबर १९९२ला अयोध्येत कायद्याचं जे झालं त्याचा जाब याच पिढीला द्यावा लागला. अभिमानाच्या यादीत हेही कलम घालायला हवं.

त्याच काळातला एक प्रसंग कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकवावा असा आहे. १० आणि ११ मे १९९३. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती असताना त्यांनी सरकारी पैशाची उधळपट्टी केल्याचा आरोप होता, आणि चौकशी समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी अहवाल दिलेला होता. सभागृहाच्या कठड्यापाशी उभं राहून कपिल सिब्बल तासन् तास न्यायमूर्तींची बाजू मांडत होते. खासदार न्यायाधीश झाले होते, न्यायाधीश आरोपी झाला होता, आणि हा सारा उलटा संसार नीट चालवण्याची जबाबदारी होती लातूरला वकिली केलेल्या, तिथल्या नगरपालिकेचं अध्यक्षपद भूषवलेल्या माणसावर. मतदान झालं: बाजूनं १९६, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ. ठराव पडला. कोणीही ‘निर्दोष’ म्हटलं नाही आणि तरीही माणूस सुटला. कायद्याच्या मुलांना मी हा आकडा पाठ करायला लावीन. न्याय नाकारायला ‘नाही’ म्हणावंच लागतं असं नाही, हे त्यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

पण या थोर यादीत एक गोची आहे. यातला एकही माणूस नांदेड-लातूरच्या विधी महाविद्यालयात शिकलेला नाही. चव्हाण हैदराबादेत शिकले, पाटील मुंबई विद्यापीठात, बाभळगावचे विलासराव देशमुख पुण्याच्या आयएलएसमध्ये. ज्याच्या घरी मुलाला बाहेर ठेवण्याची ऐपत होती किंवा जो ऐपत नसताना बाहेर पडण्याइतका जिद्दी होता, त्याच्यासाठी कायदा होता. गावातली कॉलेजं निघाली तेव्हा मोठी माणसं घडवण्याची जागा निघाली असं झालं नाही. झालं ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं: वकील कोणाच्या घरात व्हायचा हे बदललं. जिल्हा परिषदेतला कारकून, शाळामास्तर, एसटीतला कंडक्टर यांनी नोकरी सांभाळून कायदा केला. लग्नानंतर मुलींनी केला. शेती विकायला लागू नये म्हणून धाकट्याला वकील करणारी घरं निघाली. आणि दलित वस्त्यांतून, लमाण तांड्यांतून मुलं आली.

या शेवटच्या वाक्यामागं बराच रक्तरंजित इतिहास आहे. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे मारले गेले. घरं जळाली, माणसं गावं सोडून गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड-लातूरच्या कायद्याच्या पदव्यांवर आज त्या विद्यापीठाचा शिक्का असतो. स्वतः वकील असलेल्या, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला द्यायला सोळा वर्षं लागली, हे पदवी घेणाऱ्या किती मुलांना ठाऊक असतं? संविधान दिनाला उद्देशिका वाचण्याआधी टेंभुर्णीची गोष्ट सांगितली तर ते वाचन निराळं होईल. तशी ती कुठं कुठं सांगितलीही जात असेल.

नांदेडला वैचारिक खाद्य कमी पडलं असं कोणी म्हणू शकणार नाही. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर वकील नव्हते, पण मनुस्मृतीकडं त्यांनी जसं पाहिलं तसं पाहायला वकिलाचीच नजर लागते: हा नियम कोणासाठी, कोणाविरुद्ध, आणि तो खरोखर पाळला जात होता का? कुरुंदकरांचा तिसरा प्रश्न कायद्याच्या वर्गात सर्वांत कमी विचारला जातो.

शिक्षण घरी आलं तरी वरचं कोर्ट दूरच होतं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि अपिलाचा रस्ता हैदराबादहून मुंबईकडं वळला. नांदेडच्या शेतकऱ्याला हायकोर्ट आणखी लांब गेलं. रेल्वेचं मात्र मन अजून वळलेलं नाही. नांदेड विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेतच आहे. औरंगाबादला खंडपीठ व्हावं म्हणून वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. अखेर २७ ऑगस्ट १९८१ला मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशानं तिथं कामकाज सुरू झालं. आदेशाला आव्हान मिळालं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं १९८२ साली, महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक या निकालात, राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३)खाली मुख्य न्यायमूर्तींना हा अधिकार असल्याचं ठरलं. १९८४ला खंडपीठ कायम झालं. मराठवाड्याच्या वकिलांना या कलमाबद्दल एक वेगळाच जिव्हाळा आहे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेही याच ५१(३)च्या आधारानं, तेव्हा मराठवाड्यातल्या लढ्याची कमाई कृष्णा-पंचगंगेच्या काठालाही लाभली.

आता मूट कोर्टाकडं येतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रात्यक्षिकांचा एक अख्खा पेपर आहे. त्यात अभिरूप न्यायालयाला ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी अशा दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, पक्षकाराची मुलाखत आणि खटल्यापूर्वीच्या तयारीला ३०, आणि तोंडी परीक्षेला १०. नियम करणाऱ्यांचा हेतू उघड आहे: तिन्ही गोष्टी सारख्याच वजनाच्या. प्रत्यक्षात कॉलेजचं सगळं तेज पहिल्या तीस गुणांत एकवटतं. सभागृहात उंच खुर्च्या मांडल्या जातात, एखादे निवृत्त न्यायाधीश येतात, आणि मोठ्या भावाचा कोट घातलेला मुलगा उभा राहून कुठल्या तरी काल्पनिक देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढं खासगीपणाच्या हक्कावर, कृत्रिम बुद्धिमत्तेवर इंग्रजीतून युक्तिवाद करतो. ‘मे इट प्लीज युवर लॉर्डशिप’ म्हणताना त्याचा आवाज कापतो, दुसऱ्या मिनिटाला सावरतो, आणि खालच्या रांगेत बसलेली आई, जिला एक शब्द कळलेला नसतो, ताठ होऊन ऐकते. ही शिकवण खोटी नाही. उभं राहून बोलायला, अडवणाऱ्या न्यायाधीशाला उत्तर द्यायला ती शिकवते.

निरीक्षण आणि मुलाखतीच्या साठ गुणांचं काय होतं ते मात्र सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. खटल्याच्या निरीक्षणाचं जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून मिळवायचं, नावं बदलायची, निळ्या आणि काळ्या शाईत उतरवून काढायचं. हे एका कॉलेजचं नव्हे, महाराष्ट्रभराचं दुखणं आहे. सही होते, गुण मिळतात.

आणि जे कोर्ट पाहायला हवं ते कॉलेजपासून रिक्षानं दहा मिनिटांवर असतं. सकाळी साडेदहा. आवारात लिंबाखाली टायपिस्ट, स्टँप व्हेंडर, नोटरीचं टेबल. एक म्हातारा कापडी पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढतो, तिच्यातून आणखी एक, आणि सर्वांत आत कागद: रेशन कार्ड, सातबारा, दोन फेरफार, बँकेची नोटीस, आणि घड्यांवर फाटलेला, उर्दूत लिहिलेला एक जुना कागद. वकील तो कागद उजेडात धरतो आणि परत देतो. त्याला तो वाचता येत नाही. ज्याला वाचता येतो असा माणूस शहरात कुठं मिळतो हे मात्र त्याच्या म्हाताऱ्या कारकुनाला माहीत असतं. पक्षकार कोणाच्या ऑफिसात जाणार ते बहुधा अशा कारकुनावरच ठरतं.

मराठवाड्याची जमीन अजून निम्मी हैदराबादेत आहे असं म्हटलं तर वकिलांना ते अतिशयोक्त वाटणार नाही. इथं चालतो तो १९५०चा हैदराबाद कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा. संरक्षित कूळ मालक कधी झालं याचा वाद कलम ३८-ई वर येऊन थांबतो. इनाम जमिनींसाठी १९५२चा अतियात चौकशी कायदा आहे, १९५४चा इनाम रद्द करण्याचा कायदा आहे, आणि ज्याच्याकडं मुंतखब, म्हणजे इनामाच्या हक्काचा अधिकृत कागद, आहे त्याचा आवाज चढलेला असतो. या सगळ्यांच्या मुळाशी १९५४-५५ची खासरा पाहणी आहे. त्या वर्षी शेतात प्रत्यक्ष कोण होतं, कब्जा कोणाचा, हे त्या पत्रकात लिहिलेलं असतं, आणि आज सत्तर वर्षांनी नातवंडं त्या एका ओळीवरून भांडतात. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य सरकारनं हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी नोंदींचा शासन निर्णय काढला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. ही शोधाशोध कायद्याच्या कॉलेजांना आधीच ठाऊक असायला हवी होती. खासरा पाहणीचा एक उतारा, एक जुना उर्दू फैसला आणि एक मुंतखब समोर ठेवून त्यावर वाद घालायला लावणारी स्पर्धा नांदेडला किंवा लातूरला भरली, तर बंगळुरूच्या मुलांना इथं येऊन हरावं लागेल. तशी स्पर्धा भरवण्यात अडचण एकच: तिचं निमंत्रण कोणत्या मंत्र्याला द्यायचं हे ठरवता येणार नाही.

लातूरची कायद्याशी गाठ वेगळ्या रीतीनं पडली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला. बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. नव्या घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन किंवा एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्याहून अधिक असलेल्याला ७५०. निकष सरळ दिसतो. पण ज्या कुटुंबात चार भाऊ एका सातबाऱ्यावर होते, ज्या घरात कर्ता पुरुष गेला आणि उरली विधवा सून व दीर, जिथं वाटणी तोंडी झालेली आणि कागदावर कधीच नव्हती, तिथं या एका ओळीतून किती प्रश्न उभे राहतात ते वारसा कायदा शिकणाऱ्या मुलाला लगेच दिसावं. मेलेल्या माणसाचं नाव कागदावर असतं आणि जिवंत माणसाचं नसतं. कोण आधी मेलं, बाप की मुलगा, यावर वारसा बदलतो, आणि ढिगाऱ्याखाली ते कोणी पाहिलेलं नसतं. अशा प्रसंगी वारस प्रमाणपत्राचा अर्ज नीट लिहून देणाऱ्या माणसाची किंमत त्या गावाला कळते.

दुसरी गोष्ट अलीकडची. मार्च २०१६मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्या आणि विहिरींभोवती कलम १४४ लावलं गेलं. पाच किंवा अधिक लोकांनी पाण्यापाशी जमू नये. पुढच्या महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. त्याच एप्रिलमध्ये मुंबई हायकोर्टानं दुष्काळाचं कारण देऊन आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. घटनेच्या अनुच्छेद २१मधला जगण्याचा हक्क, जमावबंदी आणि क्रिकेट हे तिन्ही विषय महिनाभरात एकाच तहानेभोवती गोळा झाले. शास्त्र आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘लातूर पॅटर्न’ची देशभर ख्याती आहे. कायद्याचा लातूर पॅटर्न असा काही असेल, तर त्याचा अभ्यासक्रम या शहरानं स्वतःच पुरवलेला आहे. आता ते कलम १४४ उरलं नाही. १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ झालं. चारशे वीस हा शब्द पोलिसांच्या नि जनतेच्या तोंडी अजून आहे, पण फसवणूक न्याय संहितेत ३१८(४)खाली गेली. जुन्या वकिलांना आकडे विसरायला वेळ लागतो आहे आणि नव्या मुलांना जुने आकडेही शिकावे लागत आहेत, कारण जुने खटले जुन्याच कायद्यानं चालणार. निदान या एका बाबतीत ज्युनिअर आणि सिनिअर काही वर्षं बरोबरीला आले आहेत.

छत्रपती संभाजीनगरला २०१७ साली राष्ट्रीय विधी विद्यापीठ आलं, तेव्हा मराठवाड्याला मोठं कॉलेज मिळालं असं आपण म्हटलं. ते खरंही आहे. पण त्याची ‘क्लॅट’ ही प्रवेश परीक्षा फक्त इंग्रजीत होते, आणि नांदेड-लातूरच्या कॉलेजांचं दार असलेली राज्याची सीईटी मराठीतही देता येते. दोन दारांतून दोन प्रकारची मुलं आत येतात. १९९८पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरलेली आहे. तिथं दावा, कैफियत, सरतपासणी, उलटतपासणी मराठीत होते. मराठीत निर्दोष दावा लिहिणं हे कसबाचं काम आहे. एक ‘व’ आणि ‘किंवा’ चुकलं की मागणी हातची जाते. या कसबाला पारितोषिक कोणी ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

निवडीच्या बातम्यांचा फोटो मात्र आता काही काळ कमी दिसेल. २० मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवीनंतर थेट न्यायाधीश होण्याची वाट २००२नंतर उघडली होती, ती बंद झाली. ज्या गरीब घरातल्या हुशार मुलीला लवकर नोकरी हवी होती, तिच्यावर हा घाव आहे हे मान्य करूनही मला निर्णय बरा वाटतो. तिला तीन वर्षं बिलोलीच्या, किनवटच्या, निलंग्याच्या, उदगीरच्या कोर्टात उभं राहावं लागेल. ती कापडी पिशवी उघडताना पाहावी लागेल. माहूर-किनवटच्या डोंगरात वनहक्काचा दावा करणाऱ्याला १३ डिसेंबर २००५पूर्वीचा कब्जा कशानं दाखवायचा, ग्रामसभेचा ठराव कसा असावा, हे तिथं बसून शिकावं लागेल. उद्या न्यायासनावर बसल्यावर समोरचा म्हातारा गप्प का आहे, हे तिला कदाचित चटकन कळेल.

प्रश्न एवढाच की ही तीन वर्षं ती खाणार काय. ज्युनिअरला सिनिअरनं पैसे द्यायचे ही चाल आपल्याकडं नाही. उलट ‘शिकायला मिळतंय’ हेच मानधन समजलं जातं. हातात चार पैसे यावेत म्हणून हुशार मुलं भाडेकरारांच्या आणि प्रतिज्ञापत्रांच्या टेबलावर जातात आणि तिथंच राहतात. मुली बहुधा घरी जातात. ऑक्टोबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच ती, सक्ती नाही. नांदेड आणि लातूरच्या माझ्या वकील मित्रांना मी विचारलं, आपल्याकडं हे कोण देतं, आणि देता येईल का? दोघांनी सध्याच्या फीचं गणित मांडून दाखवलं, एकानं कॉलेजांनीच माजी विद्यार्थ्यांकडून निधी उभा करावा असं सुचवलं, आणि बाकीच्यांनी चहा मागवला.